नाशिकचा निरोप पुण्यात, पुण्याचा नाशिकला: कमीजास्त आकड्यांच्या व्हॉइसमेल क्रमांकांचा गुंता

तक्रार साधारण अशी येते. पुण्याच्या ऑफिसातून कुणीतरी नाशिकच्या २१४ वर व्हॉइसमेल निरोप ठेवायला जातो. कधी निरोप नीट पोचतो, कधी पाच सेकंद नुसती शांतता आणि मग पोचतो. कधी उलटंच होतं: पुण्यातल्याच २१४५ साठी ठेवलेला निरोप नाशिकच्या २१४ च्या मेलबॉक्समध्ये सापडतो. सर्व्हर रीस्टार्ट केला की चार दिवस कुणी बोलत नाही, मग पुन्हा तेच. रीस्टार्टनं काही दुरुस्त झालेलं नसतं. त्या चार दिवसांत कुणी अडखळत नंबर दाबला नाही, एवढंच.

इथे मी ॲस्टरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर धरून लिहितोय, कारण आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या कंपन्यांत तोच जास्त भेटतो. मांडणी अशी: पुण्यात चार आकडी एक्स्टेन्शन, २००० ते २९९९. नाशिकला तीन आकडी, २०० ते २९९. कोल्हापूरच्या कारखान्यात चार आकडी, ४००० पासून पुढे. तिन्ही ठिकाणी वेगळा सर्व्हर, मध्ये आयपी ट्रंक, म्हणजे त्यांना जोडणारी नेटवर्कवरची फोनलाइन. फोन न वाजवता थेट निरोप ठेवायचा तर नंबरच्या आधी स्टार दाबायचा. तीन शाखा वेगवेगळ्या वर्षी सुरू झाल्या, तीन वेगळ्या लोकांनी नंबर दिले आणि नंतर कुणीतरी त्या जोडल्या. बहुतेक ठिकाणी इतिहास हाच असतो.

आधी विचारा: फोन कोणता होता?

लॉग उघडण्याआधी हा प्रश्न विचारावा. नंबर कुठे संपला हे ठरवणारी जागा प्रत्येक फोनमागे वेगळी असते, आणि तिची वाट बघण्याची मुदतही वेगळी असते.

टेबलावरचा आयपी फोन सगळे आकडे स्वतः गोळा करतो आणि पूर्ण नंबर एकदम सर्व्हरला पाठवतो. सर्व्हरसाठी तिथे संदिग्धता उरतच नाही. २१४ आला तर २१४, २१४५ आला तर २१४५. वाट बघण्याचं काम फोनच्या आत, त्याच्या स्वतःच्या डायल प्लॅनमध्ये, म्हणजे नंबर ओळखण्याच्या नियमांत होतं. लिंक्सिस आणि नंतर सिस्कोच्या एसपीए मालिकेतल्या फोनमध्ये दोन टायमर असतात: नंबर अजून कशाशीच जुळत नसेल तेव्हाचा लांब, मूळ सेटिंगमध्ये १० सेकंदांचा, आणि जुळला आहे पण आणखी लांब नंबरही शक्य आहे तेव्हाचा छोटा, ३ सेकंदांचा. कुणी हुशारी करून तीन आकडी नमुन्यापुढे 'एस शून्य' लिहिलं असेल, म्हणजे 'जुळताक्षणी पाठव', तर त्या फोनवरून २१४५ कधीच लागणार नाही. २१४ झाला की फोन निघाला. मागे राहिलेला ५ व्हॉइसमेलच्या स्वागत-संदेशावर टोन म्हणून जाऊन पडतो आणि विरून जातो.

मागे राहिलेला आकडा शून्य असेल तर मात्र गंमत होते. ॲस्टरिस्कच्या व्हॉइसमेलमध्ये ऑपरेटरची सोय चालू असली की स्वागत-संदेश चालू असताना शून्य दाबल्यावर कॉल ऑपरेटरकडे जातो. त्यामुळे 'मी २१४० वर निरोप ठेवायला गेलो आणि नाशिकचं रिसेप्शन लागलं' ही तक्रार वेगळी समजू नका. ती हीच आहे, आणि ती आली की फोनचा डायल प्लॅन बघायचा, सर्व्हरचा नाही.

साध्या ॲनालॉग फोनवर, म्हणजे गेटवरच्या किंवा गोदामातल्या, आकडे एकेक करून सर्व्हरकडे जातात. तिथे डाहडीचा, म्हणजे सर्व्हरमधल्या ॲनालॉग कार्डाच्या ड्रायव्हरचा हिशोब चालतो: पहिल्या आकड्यासाठी १६ सेकंद, आकड्यांच्या मध्ये ८ सेकंद, आणि जुळलेला नंबर आणखी वाढू शकत असेल तर ३ सेकंद. बाहेरून येणाऱ्या कॉलला लागणाऱ्या आयव्हीआर मेनूत, म्हणजे नंबर दाबायला सांगणाऱ्या ध्वनिमुद्रित मेनूत पुन्हा निराळं. तिथे आकड्यांमधली मूळ मुदत ५ सेकंद.

म्हणजे तोच माणूस, तोच नंबर, तीन जागी तीन वर्तणुकी. 'कधी होतं, कधी होत नाही' याचा उलगडा बहुधा इथेच होतो.

सर्व्हर नंबर कसा जुळवतो

डायलप्लॅनमध्ये नमुना अंडरस्कोरनं सुरू होतो. एक्स म्हणजे शून्य ते नऊ, झेड म्हणजे एक ते नऊ, एन म्हणजे दोन ते नऊ. शेवटी टिंब आलं की 'इथून पुढे एक किंवा जास्त काहीही'. नाशिकचा नमुना 'दोन, एक्स, एक्स' आणि पुण्याचा 'दोन, एक्स, एक्स, एक्स'. आयव्हीआरमध्ये कुणी २, १, ४ दाबले की पहिला नमुना पूर्ण झालेला असतो, पण दुसरा अजून जिवंत असतो. सर्व्हरला कळायला मार्ग नाही. तो थांबतो. पाच सेकंदांत चौथा आकडा आला नाही तर 'नाशिक' असं धरतो. निरोप कुणाचा हे इथे माणसाच्या बोटांचा वेग ठरवतो. चष्मा शोधत, डायरीत बघून नंबर दाबणारा ज्येष्ठ ग्राहक चौथ्या आकड्याआधी पाच सेकंद सहज घेतो.

एक चुकीची समजूत मला वारंवार भेटते: फाइलमध्ये वर लिहिलेला नमुना आधी तपासला जातो. तसं नाही. एकाच कॉन्टेक्स्टमधले, म्हणजे डायलप्लॅनच्या एकाच विभागातले नमुने ॲस्टरिस्क स्वतः क्रमानं लावतो. डावीकडून बघत, जिथे पर्याय कमी तो आधी, आणि टिंबाचे सैल नमुने शेवटी. ओळी वरखाली करून काही बदलत नाही.

कॉन्टेक्स्ट वेगळे असतील तेव्हा मात्र क्रम लागू होतो, आणि या दुखण्याचं दुसरं मूळ तिथे आहे. एका कॉन्टेक्स्टमध्ये दुसरा 'इन्क्लूड' केला, म्हणजे जोडून घेतला असेल तर ॲस्टरिस्क आधी स्वतःच्या कॉन्टेक्स्टमध्ये शोधतो. तिथे काहीही जुळलं, कितीही सैल असलं, तरी इन्क्लूड केलेल्या ठिकाणी तो डोकावतही नाही. पुण्याच्या मुख्य कॉन्टेक्स्टमध्ये कुणीतरी बाहेरच्या कॉलसाठी 'एक्स, टिंब' असा सब घोडे बारा टक्के नमुना टाकतो, आणि इन्क्लूडमध्ये नीट लिहिलेला नाशिकचा 'दोन, एक्स, एक्स' कायमचा झाकला जातो. नाशिकचे निरोप मग बाहेरच्या लाइनवर जाऊन मरतात. हा बदल करणारा माणूस व्हॉइसमेलला हातही लावत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही.

तपासायचं कसं? सर्व्हरच्या कन्सोलवर 'डायलप्लॅन शो' ही आज्ञा द्या आणि पुढे नंबर, ॲटचं चिन्ह आणि कॉन्टेक्स्टचं नाव लिहा. तो नंबर कोणकोणत्या नमुन्यांशी जुळतो ते सगळे दिसतात, आधी जुळणारा वर. दोन ओळी दिसल्या तर का दिसल्या याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. यात कॉल लावावा लागत नाही, कामाच्या वेळेतही करता येतं.

टायमर वाढवून काय होतं

बहुतेक लोक पहिल्यांदा टायमरलाच हात घालतात. मुदत पाचाची आठ केली की हळू दाबणाऱ्यांचे निरोप चुकत नाहीत, पण नाशिकला फोन करणाऱ्या प्रत्येकाला आठ सेकंद शांतता ऐकावी लागते आणि 'सिस्टिम हळू झाली' अशी नवी तक्रार सुरू होते. मुदत तीनवर आणली की नाशिक खूश, पुणे नाराज. अशी खेचाखेच वर्षानुवर्षं चाललेली मी पाहिली आहे. दर नव्या व्हेंडरनं आधीच्याचा आकडा बदललेला असतो.

'नंबरनंतर हॅश दाबा' हा उपाय तत्त्वतः चांगला आहे, कारण त्यानं नंबरला स्पष्ट शेवट मिळतो. पण त्यात एक खड्डा आहे. ॲस्टरिस्कमध्ये चालू कॉल दुसरीकडे वळवण्याची मूळ कळ हॅशच आहे. पुण्याहून नाशिकच्या व्हॉइसमेलला जाणारा कॉल 'ट्रान्सफर करू द्या' या पर्यायासह लावलेला असेल, तर माणूस निरोप संपला हे नाशिकच्या व्हॉइसमेलला सांगायला हॅश दाबतो आणि ते पुण्याचा सर्व्हर मध्येच गिळतो. ऐकू येतं 'ट्रान्सफर'. माणूस गोंधळून फोन ठेवतो. ट्रंकवरून दुसऱ्या शाखेच्या व्हॉइसमेलला जाणाऱ्या कॉलवर ट्रान्सफरचा पर्याय देऊ नका, किंवा त्या कळीचा संकेत दोन कळांचा करा.

नंबराच्या सुरुवातीलाच लांबी कळली पाहिजे

एसटीडी कोड आठवा. पुणे ०२०, मुंबई ०२२. सोलापूर ०२१७, कोल्हापूर ०२३१, नाशिक ०२५३. सातारा ०२१६२, कराड ०२१६४. आधीचं शून्य सोडलं तर कोड दोन, तीन किंवा चार आकडी, आणि पुढचा स्थानिक नंबर आठ, सात किंवा सहा आकडी, बेरीज दहा. तरीही एक्स्चेंजला कोड कुठे संपला हे टायमर लावून ठरवावं लागत नाही, कारण कुठलाही कोड दुसऱ्या कोडाची सुरुवात नसतो. २१७ सोलापूरचा झाला, म्हणून २१७ नं सुरू होणारा चार आकडी कोड कुणाला मिळत नाही. २१६२ आणि २१६४ दिलेले आहेत, म्हणून नुसता २१६ कुणालाच देता येत नाही. लांबी कमीजास्त चालते. एकाचा पूर्ण नंबर दुसऱ्याच्या नंबराची सुरुवात असणं चालत नाही. नाशिकचा २१४ हा पुण्याच्या २१४५ ची सुरुवात आहे, सगळं दुखणं तेवढंच.

हीच गोष्ट देशपातळीवरही पाहायला मिळाली. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबणं बंधनकारक झालं. लँडलाइनचे आणि मोबाइलचे आकडे सुरुवातीलाच वेगळे पडल्यामुळे २५४ कोटींहून जास्त नवे नंबर काढायला वाव मिळेल, असा सरकारचा हिशोब होता. एका जादा आकड्याची कटकट, पण एक्स्चेंजला अंदाज बांधावा लागत नाही.

मग आपल्या तीन शाखांसाठी काय करायचं? कोड नव्यानं शोधायची गरज नाही, एसटीडीचेच उसने घ्यायचे. पण एक अडचण आहे. पुण्यासाठी नुसतं २० आणि पुढे २१४५ असं लिहिलं तर २०२१४५ हा नंबर पुण्याच्याच स्थानिक २०२१ शी भांडतो. म्हणून कुठल्याच शाखेत स्थानिक नंबराच्या सुरुवातीला न येणारा एक आकडा आधी लावायचा. इथे ८ मोकळा आहे.

पुणे होईल ८, २०, आणि चार आकडे: ८२०२१४५. नाशिक ८, २५३, आणि तीन आकडे: ८२५३२१४. कोल्हापूर ८, २३१, आणि चार आकडे: ८२३१४०१२. पहिले दोन सात आकडी, तिसरा आठ आकडी. लांबी वेगवेगळीच राहिली, पण ८२५३ दाबल्याबरोबर सर्व्हरला पक्कं कळतं की आता तीनच आकडे येणार. शेवटचा आकडा आला की क्षणात जुळणी, शांतता नाही. उद्या साताऱ्यात गोदाम निघालं तर ८२१६२, सोलापुरात शाखा निघाली तर ८२१७. भांडण होत नाही, कारण ती काळजी दूरसंचार खात्यानं आधीच घेतलेली आहे.

शाखेच्या आत लोकांनी जुनेच छोटे नंबर वापरावेत. नाशिकमधल्या माणसाला शेजारच्या टेबलासाठी सात आकडे दाबायला लावलं तर तो तुमची योजना पहिल्याच आठवड्यात हाणून पाडेल. पुण्याच्या कॉन्टेक्स्टमधून मात्र 'दोन, एक्स, एक्स' काढून टाकायचा. तो राहिला तर वरचं सगळं फुकट.

नमुने लिहिताना टिंब टाळा. 'आठ, टिंब' असा एकच नमुना लिहून सगळं ट्रंकवर ढकलणं सोपं असतं, पण मग नंबर कुठे संपतो हे पुन्हा टायमरवर जातं. 'आठ, दोन, पाच, तीन, एक्स, एक्स, एक्स' असं पूर्ण लिहा. शाखा जितक्या, तितक्या ओळी. आयपी फोनच्या डायल प्लॅनमध्येही त्याच ओळी हव्यात, नाहीतर सर्व्हर सुधारलेला आणि फोन अजून दहा सेकंद थांबलेला.

परतीचा रस्ता

इथे बरेच जण अर्ध्यात सोडतात. निरोप पोचतो, ऐकणारा व्हॉइसमेलमध्येच 'पाठवणाऱ्याला परत फोन लाव' हा पर्याय निवडतो, आणि काही लागत नाही.

निरोपासोबत पाठवणाऱ्याचा कॉलर आयडी साठवलेला असतो आणि परतीचा कॉल त्याच आकड्यावर जातो. नाशिकहून निघताना कॉलर आयडी नुसता २१४ असेल, तर पुण्यात २१४ ला आता काही अर्थ उरलेला नाही. सोलापूरलाही कुणी २१४ असेल तर आणखीच घोळ. म्हणून ट्रंकवर कॉल सोडण्याआधी पाठवणाऱ्याच्या नंबराला शाखेचा कोड लावा: नाशिकवरून बाहेर पडताना २१४ चा ८२५३२१४ झालाच पाहिजे.

आणि कोड काढायचा कुठे? माझं मत: ज्याच्याकडे कॉल पोचतो त्यानं. तारेवरून कायम पूर्ण क्रमांकच जाऊ दे, दोन्ही बाजूंचा. पुण्याचा सर्व्हर ट्रंकवरून ८२०२१४५ आल्यावर पहिले तीन आकडे काढेल आणि २१४५ चा मेलबॉक्स उघडेल. पाठवणाऱ्यानंच कोड काढला तरी चालतं, पण मग कुठल्याही सर्व्हरचा लॉग वाचताना 'हा २१४ कुणाचा' हे आठवावं लागतं, आणि रात्री अकरा वाजता तेच आठवत नाही.

दुसरी एक गोष्ट. ॲस्टरिस्कच्या व्हॉइसमेलमधून आलेला निरोप पुढे पाठवण्याचा पर्याय फक्त त्याच सर्व्हरवरचे मेलबॉक्स ओळखतो. नाशिकच्या माणसाला पुढे पाठवायचा असेल तर पुण्यात त्याच्या नावानं एक मेलबॉक्स ठेवावा लागतो, ज्यात निरोप त्याच्या ईमेलला जोडून जातो आणि इथून पुसला जातो. त्या मेलबॉक्सचा नंबर २१४ नको, ८२५३२१४ हवा.

व्हीपीआयएम नावाची प्रमाणित पद्धत याच कामासाठी निघाली होती. तिची दुसरी आवृत्ती १९९८ साली आरएफसी २४२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून आली आणि २००४ साली आरएफसी ३८०१ नं तिची जागा घेतली. तिच्यात निरोप ईमेलसारखा जातो आणि पत्ता म्हणजे ॲट चिन्हाच्या आधी नंबर, नंतर डोमेन. अधिकच्या चिन्हानं सुरू झाला तर पूर्ण आंतरराष्ट्रीय क्रमांक, जो जास्तीत जास्त १५ आकडी असतो. पत्ता एकसंध येतो, त्यामुळे दोन सर्व्हरमध्ये टायमरचा प्रश्न येत नाही. ॲस्टरिस्कच्या व्हॉइसमेलमध्ये ती नाही, पण ती असलेल्या सिस्टिमवरही फोनवरून नंबर दाबणारा माणूस तोच असतो, आणि त्याच्यासाठी कोड एकमेकांची सुरुवात असता कामा नयेत हा नियम तिथेही तसाच लागतो.

आकडा गळणे, आकडा दुप्पट होणे

एवढं करूनही अधूनमधून चुकीच्या मेलबॉक्समध्ये निरोप पडत असेल तर टोनकडे बघा. ट्रंकच्या एका टोकाला टोन आरएफसी ४७३३ प्रमाणे वेगळ्या पॅकेटमधून आणि दुसऱ्या टोकाला आवाजातूनच, असं असेल तर आकडे गळतात किंवा दोनदा मोजले जातात. जुन्या मांडणीत हे लक्षातच येत नव्हतं: २१४५ मधला एक आकडा गळला तर उरलेला २१५ हाही नाशिकचा खरा नंबर होता, आणि निरोप कुठेतरी पडतच होता. कोड लावल्यावर असा गळका नंबर बहुतेक वेळा अपुराच राहतो आणि लॉगमध्ये उघडा पडतो. त्यामुळे बदलानंतर पहिले काही दिवस 'चुका वाढल्या' असं वाटेल. त्या आधीही होत्या.

शून्य आणि एक्सेल

समजा, एखाद्या गोदामाचा मेलबॉक्स ०४१. यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की तो ४१ होतो. डेटाबेसमध्ये मेलबॉक्सचा रकाना पूर्णांक म्हणून ठेवला असेल तरी तेच. व्हॉइसमेलचा क्रमांक ही संख्या नसते, तो मजकूर असतो. रकाना मजकुराचाच हवा.

डायलप्लॅनमध्येही जपा. तिथल्या तुलनेत दोन्ही बाजूंना निव्वळ आकडे असले तर ॲस्टरिस्क त्यांना संख्या समजून ताडतो, आणि ०४१ बरोबर ४१ ठरतात. दोन्ही बाजू अवतरणचिन्हांत ठेवल्या की मजकूर म्हणून तुलना होते. खरं तर शून्यानं सुरू होणारी एक्स्टेन्शन देऊच नयेत, कारण आपल्याकडे बहुतेक ऑफिसांत शून्य म्हणजे बाहेरची लाइन. ९ म्हणजे ऑपरेटर असेल तर ९ नं सुरू होणारंही काही नको. आणि १ नं सुरू होणारा एकही नंबर देऊ नका: ११२५ असं एक्स्टेन्शन ठेवलं की ११२ लावणाऱ्या माणसाला टायमर संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि ११२ कुणी गंमत म्हणून लावत नाही.

जुने नंबर काढताना

पुण्यातून नाशिकचा २१४ बंद केला की त्या जागी लगेच 'नंबर अस्तित्वात नाही' देऊ नका. त्याच नमुन्यावर एक छोटी ध्वनिफीत लावा: 'नाशिकसाठी आधी ८२५३ दाबा'. पुण्याच्या चार आकडी नमुन्याशी त्याची अजूनही टक्कर आहे, म्हणून ही सोय फक्त आयपी फोनच्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेवा, जिथे नंबर पूर्ण येतो. आयव्हीआर आणि ॲनालॉग फोनवर पहिल्या दिवसापासून तो नमुना नको. ध्वनिफीत वाजली की कोणत्या फोनवरून वाजली याची लॉगमध्ये नोंद करा. महिन्याभरानं उरलेल्या नोंदी जवळजवळ सगळ्या स्पीड डायलच्या बटणांच्या निघतात, आणि ते फोन एकेक करून गाठावे लागतात.